रात्री कोण?

"रात्री कोण?"

सिस्टरनं विचारलं आणि पेन कागदावर टेकवून ती थांबली.

मी म्हणालो, "बहीण आहे की."

विचार करायला मी श्वासाएवढाही वेळ घेतला नाही. एखाद्यानं घराचा नंबर सांगावा तसं सांगून टाकलं. सिस्टरनं ते लिहून घेतलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बहिणीला विचारलंत, दादा?"

दोस्तांनो, त्या उत्तराबद्दलच हे लिहितोय. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. नववीत शाळा सोडली. तत्त्वज्ञान असं नाव छापलेलं पहिलं पुस्तक मला रद्दीत मिळालं, तेही अर्धं फाटलेलं. तरी हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे असं मला वाटतं. मरणाऱ्या माणसाची घाण कुणी काढायची? आणि ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना गावाची घाण काढायला लावली, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं?

आई बावीस वर्षं एका ठेकेदाराकडं गटारं आणि सार्वजनिक संडास साफ करायला होती. मैला हातानं उचलायला लावू नये म्हणून 1993 साली कायदा झाला. 2013 साली दुसरा, जास्त कडक कायदा झाला. आईच्या हातात खराटा आणि पत्र्याचा तुकडा तसाच राहिला. बाप लवकर गेला. आईनं एकच गोष्ट मनाशी बांधून ठेवलेली : लेकीच्या हातात खराटा जाणार नाही. बहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली ती आईच्या त्या हट्टावर.

मग आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. उशिरा निघाला. अंगावरून जातंय हे तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. खाडा झाला तर मजुरी बुडते, हे त्याचं कारण. शेक घेतले. चार महिने बरे गेले, मग दुखणं परत आलं. मोठ्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर व्हरांड्यात उभ्या उभ्याच म्हणाला, "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या."

हे पहिलं "घरी न्या".

त्या कागदावर तीन ओळी होत्या. दुखलं तर घ्यायच्या गोळ्या होत्या, डोकेदुखीला देतात तसल्या. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई अकरा रात्री ओरडली. शेजारच्या भिंतीतून लोक पहिल्यांदा हळहळले, नंतर चिडले. वास सुटला. मी पाळीवर जायचो तेव्हा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटायचं. साच्याच्या आवाजात आईचा आवाज येत नाही.

मग एका ओळखीच्या कार्यकर्त्यानं दीड तासावरच्या शहरातल्या हॉस्पिसचं नाव सांगितलं. हॉस्पिस म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून दोन शब्द. जिथं रोग बरा करायचा दावा नसतो, पण रोग्याला टाकूनही दिलेलं नसतं, ती जागा. सिसिली साँडर्स नावाच्या बाईनं 1967 साली लंडनमध्ये आजच्या पद्धतीचं पहिलं हॉस्पिस उघडलं. ही बाई आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेली. माणसाचं दुखणं नुसतं शरीरात नसतं, ते मनात असतं, घरात असतं, पैशात असतं, आणि सगळं मिळून एकच दुखणं होतं, असं तिचं म्हणणं. आपल्या देशात पहिलं हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला निघालं, शांती आवेदना सदन.

आम्ही गेलो तिथं आईला मॉर्फिन दिलं. दुसऱ्या रात्री ती झोपली. मॉर्फिन अफूपासून होतं. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते. पण 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांचं असं जंजाळ करून ठेवलं की दवाखान्यांनी ही गोळी ठेवायचंच सोडलं. 2014 साली कायदा दुरुस्त झाला, वाट थोडी मोकळी झाली. तरी भीती गेली नाही. आईच्या अकरा रात्री कुठल्या रोगानं गेल्या, याचा हिशेब लावताना मी कॅन्सरच्या शेजारी ही भीतीही लिहितो.

तीन आठवड्यांनी सिस्टर म्हणाली, "आता घरी न्यायचं बघू या."

माझं डोकं सणकलं. पुन्हा घरी न्या? मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही पण टाकली?" तिनं राग धरला नाही. खुर्ची दिली, कोरा कागद काढला, आणि विचारायला लागली.

खोली केवढी? उंबरा किती उंच? खाट आहे की जमिनीवर? खाट असेल तर पायाखाली विटा लावा, म्हणजे करणाऱ्याची कंबर मोडणार नाही. नळ कुठं, पाणी किती वाजता येतं? संडास किती पावलांवर? मी म्हणालो, सार्वजनिक, दोनशे पावलं. मग भांडं लागेल, रबरशीट लागेल, जुन्या साड्यांचे तुकडे लागतील, ते उकळायला मोठं पातेलं लागेल. लघवीची नळी आहे, पिशवी कोण रिकामी करणार? दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, कोण बदलणार? मॉर्फिन दर चार तासांनी, सकाळी सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला जास्त मात्रा. मधेच कळ आली तर जादा गोळी. त्याबरोबर जुलाबाचं औषध रोज, कारण या गोळीनं शौचाला खडा होतो. वासासाठी मेट्रोनिडॅझोलची गोळी, ती कशी वापरायची ते दाखवते. संपायच्या चार दिवस आधी गोळ्या न्यायला कोण येणार? इथली गाडी शहराच्या हद्दीबाहेर जात नाही, तर तुमच्या गावातला कुठला डॉक्टर घरी येईल? त्याला मी चिठ्ठी देते, फोन करते. आणि शेवट झाल्यावर मृत्यूचा दाखला तोच लिहील. हे आत्ताच बोलून ठेवा, त्या दिवशी धावपळ करू नका.

आणि मग, रात्री कोण?

शब्द तेच दोन, "घरी न्या". पण पहिल्या वेळी घर म्हणजे दवाखान्याच्या दाराबाहेरची कुठलीही जागा होती. दुसऱ्या वेळी कुणीतरी ते घर पावलांनी मोजलं. ज्याला आपण करुणा म्हणतो ती मला त्या दिवशी अशी दिसली : उंबऱ्याची उंची विचारणारी.

पण खरी अडचण आईनं घातली. सिस्टरनं आम्हाला बाहेर काढून तिला एकटीला विचारलं, तुम्हाला काय हवंय? नंतर आईनं आमच्या देखतही सांगितलं. "घरी यायचंय. पण माझी घाण माझ्या लेकीला काढायला लावू नगा. बावीस वर्सं काढली म्या. ती माझ्यापाशी संपू दे. आन्‌ पोराच्या म्होरं मला उघडी करू नगा."

आता बोला. लेक नको, कारण पिढ्यांची साखळी तुटायला हवी. लेक नको तर पोरगा, तो नको कारण लाज. घर तर हवंय. कुठल्या पुस्तकात याचं उत्तर आहे?

मी पहिल्यांदा आईच्या बाजूनं झालो. चळवळीत वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार? "सेवा" या शब्दाचा आपल्याला संशय येतो आणि तो यायलाच पाहिजे. आपल्या माथी मारलेल्या कामाला थोर सेवा म्हणायचं, त्यात पुण्य आहे म्हणायचं, म्हणजे करणारा ते सोडणार नाही. हा डाव बाबासाहेबांनी 1945 साली, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशेब मांडला त्या ग्रंथात, उघडा पाडला. मग आज मीच उठून घाण काढण्यात माणूसपण आहे असं लिहिलं, तर तोच डाव मी आपल्या माणसांवर खेळत नाही का?

हा प्रश्न घेऊन मी विहारात एका वयस्कर उपासकांकडं गेलो. त्यांनी विनयपिटकातली, महावग्गातली एक गोष्ट सांगितली. एक भिक्खू पोटाच्या आजारानं स्वतःच्या मलमूत्रात पडलेला. बुद्ध आनंदाबरोबर फिरत तिथं आले. विचारलं, तुझ्याकडं बघणारं कुणी नाही? तो म्हणाला, नाही. का नाही? तर मी इतरांच्या काही कामाचा नाही, म्हणून. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं. बुद्धानं पाणी ओतलं, आनंदानं धुतलं. एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. मग संघ जमवला आणि समजावलं की तुम्हाला इथं ना आई ना बाप, तुम्ही एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. आजाऱ्याची जबाबदारी आधी कुणाची, तो नसेल तर कुणाची, आणि कुणीच नसेल तर सगळ्या संघाची, असा नियम घालून दिला.

मी ही गोष्ट रात्रपाळीत साच्यापुढं चालता चालता पुन्हा पुन्हा घोळवली. तीन गोष्टी हाताला लागल्या. कामाच्या नाही त्याला टाकायचं, हा हिशेब जुना आहे. गिरणीचा आहे, दवाखान्याचा आहे आणि भिक्खूंच्या मनातही शिरला होता. दुसरं, बुद्धानं आनंदाला एकट्याला "तू कर" असं सांगितलं नाही. पाण्याचं भांडं स्वतःच्या हातात घेतलं. तिसरं, नंतर नियम केला. म्हणजे ज्याचं मन द्रवेल त्यानं करावं, असं मोघम सोडलं नाही.

त्यावरून मला वाटतं, घाण काढणं हे गुलामी आहे की मैत्री, हे घाणीवरून ठरत नाही. तीन प्रश्नांवरून ठरतं. करणाऱ्याला विचारलं होतं का? काम वाटून घेतलं होतं का? त्याला ते सोडता येतं का? जातीनं आपल्याला विचारलं नाही, जातीनं वाटून घेतलं नाही, जातीनं सोडू दिलं नाही. म्हणून ती गुलामी.

आता हेच तीन प्रश्न आपल्या घरात लावा. आजारी सासऱ्याचं करणाऱ्या सुनेला कुणी विचारलं? बापाची लघवी काढणाऱ्या पोरीचं काम भावानं वाटून घेतलं? बायकोला ते सोडून मीटिंगला जाता येतं? नाही, नाही, नाही. मग आपल्या घरातली बाई कुठल्या जातीची म्हणायची? मी "बहीण आहे की" म्हणालो, तेव्हा मी कोण होतो? गावानं आमच्या आज्याला बघून "म्हार आहे की" असंच म्हटलं असेल.

हे कळल्यावर मी बहिणीला विचारलं. पहिल्यांदाच. ती ताडकन म्हणाली, "मला कुणी इचारलं का आतापतूर? तू म्हणतोस मी करणार, आई म्हणती मी करायचं न्हाय. दोघं माझ्याबद्दलच बोलताय." मग ती आईजवळ जाऊन बसली. "आई, गटार कुणाचं हुतं ते तुला ठावं नव्हतं. तू माझी हायस. हे काम ते न्हवं. मी करीन. पण समदं मी करणार न्हाय. माझी परीक्षा हाय."

समदं मी करणार न्हाय. दोस्तांनो, तेव्हापासून मैत्रीवरची भाषणं ऐकताना मला हे वाक्य आठवतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं लेकीचा हात घेतला, उलटा करून बघितला. त्यावर शाईचा डाग होता. म्हणाली, "साबणानं धुवत जा लगीच."

वाटणीचं उत्तर मला गिरणीनं दिलं. आमच्यात रिलीव्हर आल्याशिवाय साचा सोडायचा नसतो. साच्याला तीन पाळ्या. एका माणसाकडून चोवीस तास साचा चालत नाही, हे मालकालाही कळतं, कारण सूत बिघडतं. लोखंडाला तीन पाळ्यांची माणसं आणि मरणाऱ्या आईला एक पोरगी, हा कुठला न्याय? मी कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारल्या. सकाळ, दुपार, रात्र. आईच्या टोळीतल्या एका मावशी अंघोळीला आणि पुसायला रोज दुपारी येईन म्हणाल्या. आईला त्यांची लाज नव्हती, बावीस वर्षं दोघी एका गटाराच्या दोन काठांवर उभ्या होत्या. मी कचरलो, पुन्हा तेच काम त्यांच्याच गळ्यात? त्या हसल्या. "ठेकेदारानं न्हाय सांगितलं मला. मी सांगतीया." सकाळ बहिणीची. मी फोरमनच्या मागं लागून दिवसपाळी घेतली, आणि रात्र माझी. रात्री कोण या प्रश्नापुढं मी माझं नाव लिहिलं. आईचं अंग झाकून तिची कूस कशी बदलायची, चादर न उठवता कशी बदलायची, नळीची पिशवी कशी सोडायची, हे सिस्टरनं मला दोन दिवस उभं राहून शिकवलं. एकदा मला चादरीवर झोपवून माझ्यावरच दाखवलं.

मंडळातल्या पोरांची बैठक घेतली. अकराजण होते. प्रत्येकाला आईबद्दल कळवळा होता. दोनजणांनी नाव लिहिलं : एकानं गोळ्या आणायला जायचं, एकानं रविवारी रात्री बसायचं. बाकीच्यांनी पैसे काढू म्हटलं. पैसे लागत होतेच, घेतले. पण मला कळलं की पैसा हा हात न लावण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

मी काही मोठा नाही. पहिल्या रात्री खोलीच्या मागं जाऊन ओकलो. आणि त्याहून अवघड होतं ते नळावर. उकळलेले तुकडे पिळायला मी पहाटे गेलो, तर तिथं बायका आणि दोन-चार गडी. कुणीतरी म्हणालं, "कवी आलं धुणं घिऊन." हसले. व्यासपीठावर व्यवस्थेला आग लावणारा मी, साडीच्या तुकड्यानं माझे कान तापले. मान खाली घालून धुतलं. चौथ्या-पाचव्या दिवशी हसणं थांबलं. एका म्हातारीनं मला रांगेत पुढं घेतलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं वस्तीवर टाकून तू सरकारला मोकळं सोडतोस. नाही. दोनशे पावलांवरचा संडास, अकरा रात्री न मिळालेली गोळी, खाड्याला कापलेली मजुरी, हे मैत्रीनं भरून निघत नाही. त्यासाठी मोर्चाच. केरळात 1993 साली कोझिकोडला डॉक्टरांनी काम सुरू केलं, पुढं वस्त्यावस्त्यांतले साधे लोक शिकून घरोघर जाऊ लागले, आणि 2008 साली राज्य सरकारला त्याचं धोरण करावं लागलं. तिथं पंचायतीच्या पैशानं नर्स घरी येते. आधी लोकांचे हात, मग त्या हातांच्या जोरावर सरकारची मान. नुसता मोर्चा काढणाऱ्याला रात्री कळत नाही, नुसत्या रात्री काढणाऱ्याला मोर्चाला वेळ मिळत नाही. म्हणूनच पाळ्या.

आपण सावित्रीबाईंचा फोटो लावतो, पुस्तकासकट. 1897 च्या प्लेगात त्या आजाऱ्यांना हातानं उचलत होत्या, आणि त्याच प्लेगनं 10 मार्चला गेल्या. तो फोटो आपण काढून घेतला नाही.

आई घरी तेवीस दिवस होती. ओरडली नाही. एका रात्री जादा गोळी देऊन मी बसलो होतो, तर म्हणाली, "तुझी पाळी कवा सुटती?" म्हटलं, "रिलीव्हर आला की." हसली. चोविसाव्या दिवशी पहाटे पाणी यायच्या आधी गेली. डॉक्टर आला, सिस्टरची चिठ्ठी त्याच्याकडं होतीच, दाखला लिहून दिला.

मयतीला दोनशेच्या वर माणूस होतं. घोषणा झाल्या, निळे झेंडे होते. खांदा द्यायला इतके पुढं आले की मला जागा मिळेना. मी कुणावर रागावलो नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर नावं पाच होती, हे मी मोजलं.

आपल्याला प्रेत उचलता येतं. त्याची परंपरा आहे, शिस्त आहे, घोषणा आहेत. भांडं उचलायची परंपरा अजून घालायची आहे. तुमच्या वस्तीत आत्ता, हे वाचताना, कुणाला तरी दवाखान्यातून "घरी न्या" म्हटलेलं असणार. त्या घरी जा. पहिल्यांदा आजाऱ्याला विचारा, त्याला काय हवंय. मग घरातल्या बाईला विचारा, तिला काय जमेल. मग एक कागद घ्या, तीन रेघा मारा, आणि शेवटच्या रकान्यात, जिथं रात्री कोण असं येईल, तिथं आधी स्वतःचं नाव लिहा. नंतर दुसऱ्यांकडं कागद फिरवा.

जय भीम.